आधी क्लस्टर मोडा, मग कोड उघडा: गानेटीसारख्या प्रोजेक्टमध्ये पहिला पॅच कसा टाकायचा

नवीन माणूस साधारण काय करतो, रेपो क्लोन करतो, एडिटरमध्ये उघडतो, पहिल्या फोल्डरपासून वाचायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी गप्प होतो. मीही तेच केलं होतं. आठवडाभर कोड वाचला आणि शेवटी डोक्यात काय राहिलं तर फोल्डरांची नावं. म्हणून गानेटीसारख्या, म्हणजे बऱ्याच मशीनचा एक गट (क्लस्टर) करून त्यावरच्या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) सांभाळणाऱ्या प्रोजेक्टमध्ये पहिला पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, कसा टाकायचा त्यावरचा हा लेख उलट्या बाजूने लिहितोय, आधी चालवायचं, मग मोडायचं, मग जे मोडलं त्याचा माग काढत कोडमध्ये शिरायचं.

एक सूचना आधीच, इथे सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्यात.

हा नेमका कुठला थर आहे

व्हीएम प्रत्यक्षात चालवायचं काम हायपरव्हायजर करतो. त्यातला केव्हीएम २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आला, त्याच्या जोडीला व्हीएमच्या हार्डवेअरची नक्कल करणारा क्यूएमू असतो, नाहीतर मग झेन हा दुसरा हायपरव्हायजर. आपण ज्याबद्दल बोलतोय ते सॉफ्टवेअर याच्या वर बसतं. कुठली व्हीएम कुठल्या मशीनवर ठेवायची, तिची डिस्क दुसऱ्या मशीनवर कॉपी होत राहील हे कसं बघायचं, एक मशीन मेलं तर त्यावरच्या व्हीएम दुसरीकडे कशा उठवायच्या, ही सगळी त्याची कामं. म्हणजे सीपीयूच्या रजिस्टरांशी तुमचा संबंध जवळजवळ येत नाही, संबंध येतो तो लॉक, जॉब क्यू, नेटवर्क आणि अर्धवट झालेल्या कामांशी. बॅकएंडचं काम केलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही.

प्रोजेक्ट कुठला निवडायचा

सरळ भाषेवरून निवडा. पर्ल किंवा रस्ट येत असेल तर प्रॉक्समॉक्स, गो येत असेल तर इन्कस किंवा क्यूबव्हर्ट, पायथन येत असेल तर ओपनस्टॅक किंवा गानेटी. ओपनस्टॅक फार मोठा आहे, त्यात पहिल्याच दिवशी हरवायला होतं, असं माझं मत.

मी इथे गानेटी धरून चालतो कारण त्याचा आकार एका माणसाच्या डोक्यात मावेल इतका आहे. गूगलने तो स्वतःच्या वापरासाठी बनवला, २००७ मध्ये ओपन सोर्स केला, आता कम्युनिटी सांभाळते, लायसन्स दोन कलमी बीएसडी. बराचसा कोड पायथनमध्ये आणि उरलेला हास्केलमध्ये. हास्केल ऐकून पळू नका, त्यावर खाली येतोच. २०२० च्या शेवटी आलेल्या ३.० मध्ये सगळं पायथन ३ वर गेलं, त्यामुळे इंटरनेटवर २.x च्या जमान्यातलं काही सापडलं तर जरा जपून वापरा, डिमनची (मागे सतत चालणाऱ्या प्रोसेसची) नावंसुद्धा बदललीत.

दुसरा प्रोजेक्ट घेतलात तरी पुढच्या पायऱ्या त्याच, फक्त नावं वेगळी.

लॅब उभी करा

तीन व्हीएम बनवा, प्रत्येकी २ जीबी रॅम आणि दोन डिस्क, एक ओएससाठी आणि एक मोकळी, एलव्हीएमला (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीला) द्यायला. १६ जीबीचा लॅपटॉप असेल तर आरामात बसतं. तीनच का, दोन का नाही, तर क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनला नोड म्हणतात, त्यातला क्लस्टर चालवणारा मुख्य नोड म्हणजे मास्टर, आणि मास्टर बदलताना बाकीच्या नोड्सची मतं घेतली जातात आणि दोनच नोड असतील तर एक मेल्यावर बहुमत म्हणून काही उरतच नाही, मग नो-व्होटिंग असा एक पर्याय जबरदस्तीने द्यावा लागतो, तो शिकायची सुरुवात म्हणून वाईट सवय आहे.

व्हीएमच्या आत परत व्हीएम चालवायच्या आहेत म्हणून नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू लागेल. इंटेलवर कर्नल ४.२० पासून ते आपोआप चालू असतं, त्याआधीचा कर्नल असेल तर केव्हीएम-इंटेल मॉड्यूलचा नेस्टेड पॅरामीटर बघा. आणि तुमच्या मशीनवर ते जमतच नसेल तरी रडत बसू नका, गानेटीत फेक नावाचा एक हायपरव्हायजरच आहे, तो व्हीएम चालवल्याचं फक्त नाटक करतो, फाइली बनवतो आणि पुसतो. जॉब क्यू, लॉक, नोड, हे सगळं शिकायला तेवढं पुरतं.

डेबियन टाका. आता इथे हमखास अडकायची जागा येते. डेबियनचा इन्स्टॉलर होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला जोडून ठेवतो, आणि गानेटीला नोडचं नाव खऱ्या नेटवर्कच्या आयपीवर गेलेलं पाहिजे. ती ओळ बदलली नाही तर क्लस्टर इनिटच (पहिली उभारणीच) होत नाही. दुसरं म्हणजे क्लस्टरला स्वतःचं वेगळं नाव आणि वेगळा, कोणी न वापरलेला आयपी लागतो, कारण तो आयपी मास्टरबरोबर एका नोडवरून दुसऱ्या नोडवर फिरतो. लोक पहिल्या नोडचंच नाव क्लस्टरला देतात आणि मग एरर बघत बसतात. तिसरं, एलव्हीएमच्या व्हॉल्यूम ग्रुपचं नाव काही सांगितलं नाही तर गानेटी एक्सेनव्हीजी शोधतो, तुम्ही केव्हीएम वापरत असलात तरी. जुन्या झेनच्या दिवसांची आठवण आहे ती, वेगळं नाव ठेवलं असेल तर इनिट करताना सांगा.

एक धोका, नोड जोडताना गानेटी त्या मशीनच्या एसएसएच कीजमध्ये हात घालतो, त्यामुळे रोजच्या वापरातलं मशीन कधीही नोड म्हणून जोडू नका. लॅब म्हणजे लॅब.

तिन्ही नोड जोडून झाले की जीएनटी-क्लस्टर व्हेरिफाय चालवा. ती कमांड हिरवी आली की तिन्ही व्हीएमचे स्नॅपशॉट घ्या. हे विसरू नका कारण पुढच्या पायरीत सगळं उद्ध्वस्त करायचंय.

मोडा

डीआरबीडी टेम्प्लेट वापरून एक छोटी इन्स्टन्स बनवा, गानेटीच्या भाषेत व्हीएमला इन्स्टन्स म्हणतात. २५६ एमबी रॅम, १ जीबी डिस्क, ओएस टाकायचा कंटाळा आला तर नो-इन्स्टॉल द्या. डीआरबीडी म्हणजे तीच डिस्क नेटवर्कवरून दोन नोडवर एकाच वेळी लिहिली जाते, एक प्रायमरी, एक सेकंडरी.

आता पहिला प्रयोग. प्रायमरी नोडवर जाऊन त्या इन्स्टन्सची क्यूएमू प्रोसेस सरळ किल करा आणि काही करू नका, चहा... बरं, पाणी प्या. पाच मिनिटांच्या आत ती परत उठलेली असेल. कोणी उठवली? वॉचर नावाचा स्क्रिप्ट क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी येतो आणि "ही चालू असायला हवी होती, पण नाहीये" असं दिसलं की चालू करतो. जीएनटी-इन्स्टन्स शटडाउनने बंद केली तर मात्र उठत नाही, कारण तेव्हा कॉन्फिगमध्येच "ही बंद असू दे" असं लिहिलं जातं. काय असायला पाहिजे आणि काय आहे यातला हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिलात की कोडमधला निम्मा भाग का लिहिलाय ते कळतं, कारण तो सगळा हा फरक मिटवण्याच्याच मागे लागलेला आहे.

दुसरा प्रयोग, प्रायमरी नोडची व्हीएमच बाहेरून खाडकन बंद करा. आता मास्टरवरून कमांड देऊन बघा. काही कमांड टाइमआउटपर्यंत लटकतील, काही एरर देतील, कारण नोड मेलाय हे गानेटीला कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही स्वतः त्याला ऑफलाइन म्हणून मार्क करायचं आणि मग फेलओव्हर करायचा, म्हणजे व्हीएम सेकंडरी नोडवर उठवायची. नवीन लोकांना हे खटकतं, "हे आपोआप का होत नाही" असं वाटतं. कारण असं की नोड खरंच मेलाय की फक्त मधली केबल निघालीये हे मास्टरला लांबून ओळखता येत नाही, आणि केबल निघालेली असताना दुसरीकडे तीच व्हीएम उठवली तर एकाच डिस्कच्या दोन प्रती वेगवेगळ्या लिहिल्या जातात. तो डेटा नंतर जुळवता येत नाही, एक बाजू फेकूनच द्यावी लागते. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. "हे ऑटोमॅटिक करूया" असा पॅच घेऊन येणारे बरेच जण ही गोष्ट विसरलेले असतात, मीसुद्धा डोक्यात तसाच एक प्लॅन घेऊन आलो होतो आणि दुसऱ्या संध्याकाळी गुपचूप सोडून दिला.

तिसरा, मास्टर बंद करा आणि दुसऱ्या नोडवरून मास्टर-फेलओव्हर करा. हे चालतं कारण कॉन्फिगची प्रत मास्टर कँडिडेट (पुढे मास्टर होऊ शकतील अशा) नोड्सवर सतत जात असते.

हे सगळं करताना काय केलं, काय दिसलं, कुठल्या लॉगमध्ये काय आलं ते एका फाइलमध्ये लिहीत जा. आणि जिथे एरर वाचून काही बोध झाला नाही तिथे मोठी खूण करा. पहिला पॅच या खुणांमधूनच येतो, इश्यू ट्रॅकर चाळून नाही.

एका कमांडचा पाठलाग करा

आता कोड उघडा. पण सगळा वाचायचा नाही, फक्त एक कमांड घ्यायची, समजा जीएनटी-इन्स्टन्स रीबूट, आणि ती टाइप केल्यापासून नोडवर काहीतरी घडेपर्यंत कुठून कुठे जाते ते शोधायचं.

लिब फोल्डरमध्ये क्लायंट आहे, तिथे कमांड लाइनचे ऑप्शन वाचले जातात आणि त्यांचा एक ऑपकोड बनतो, म्हणजे "हे काम, या माहितीसह" अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी युनिक्स सॉकेटवरून लक्सीडी या डिमनकडे जाते, तो ती जॉब म्हणून डिस्कवर लिहून ठेवतो, म्हणून मास्टर मध्येच पडला तरी जॉब हरवत नाही. जॉबची पाळी आली की तिच्यासाठी वेगळी पायथन प्रोसेस सुरू होते आणि तिथे खरा कोड चालतो, त्याला लॉजिकल युनिट म्हणतात, बोलताना सगळे एलयूच म्हणतात, तो लिबमधल्या सीएमडीलिब फोल्डरमध्ये. प्रत्येक एलयूचे ठरलेले टप्पे असतात, एक्सपांडनेम्समध्ये कुठले लॉक लागतील ते सांगायचं, चेकप्रीरेकमध्ये "हे करणं शक्य आहे का" ते तपासायचं आणि एक्झेकमध्ये करायचं. लॉक वाटायचं काम डब्ल्यूकॉन्फडी हा दुसरा डिमन करतो.

एक्झेकमधून मग आरपीसी (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन चालवायचा निरोप) निघतो, तो नोडवरच्या नोडडी या डिमनला पोहोचतो, पोर्ट १८११, तिथे बॅकएंड नावाची फाइल आहे, आणि तिथून हायपरव्हायजर फोल्डरमधला केव्हीएमचा कोड. संपलं. क्लायंट, लक्सीडी, एलयू, आरपीसी, बॅकएंड, हायपरव्हायजर. एक कमांड अशी एकदा नीट बघितली की बाकीच्या ऐंशी टक्के तशाच निघतात, आकडा अंदाजाने सांगतोय, पण अनुभव तसाच.

वाटेत प्रत्येक ठिकाणी एक लॉगची ओळ टाका, बिल्ड करा, लॅबवर पाठवा आणि कमांड चालवा. डीव्हल फोल्डरमध्ये अपलोड नावाचा स्क्रिप्ट आहे, तो तुमचा बिल्ड नोड्सवर नेऊन टाकतो, मला हे उशिरा कळलं आणि तोपर्यंत मी हाताने फाइली कॉपी करत होतो.

बिल्ड आणि हास्केलची भानगड

ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, मग मेक चेक. हास्केलच्या लायब्ररी डेबियनच्या पॅकेजमधूनच घ्या, आवृत्त्या जुळवत बसायचा ताप वाचतो. पहिला बिल्ड वेळ खातो आणि रॅमही, २ जीबीच्या लॅब व्हीएममध्ये बिल्ड करू नका, बाहेर करा.

आता ज्यात मी एक पूर्ण शनिवार घालवला ते सांगतो. ऑपकोड आणि कॉन्स्टंट्स यांच्या पायथन फाइली दिसतात, त्या उघडून त्यात बदल केला, चालवलं, चाललं, खूश झालो, परत मेक केलं आणि बदल गायब. कारण त्या फाइली हास्केलमधून जनरेट होतात. मूळ व्याख्या एसआरसी फोल्डरमधल्या कॉन्स्टंट्स आणि ऑपकोड्सच्या हास्केल फाइलींमध्ये आहेत. त्यामुळे पायथनवाल्यालाही चार ओळी हास्केल लिहावं लागतं, पण ते शेजारची ओळ बघून तशीच दुसरी लिहिण्याइतकंच, मोनॅड वगैरे समजून घ्यायची गरज पडत नाही.

ज्यांना हास्केल आवडतं त्यांच्यासाठी तर मेजवानी आहे. कुठली व्हीएम कुठे हलवली तर क्लस्टर समतोल होईल हे काढणारा एचबाल, नवीन व्हीएम कुठे ठेवायची ते सांगणारा हेल, अजून किती व्हीएम मावतील ते मोजणारा एचस्पेस, ही हत्यारं शुद्ध गणिताची आहेत आणि त्यांना टेक्स्ट फाइलमधून क्लस्टरचं चित्र देता येतं. म्हणजे लॅबच नसली तरी यांच्यावर काम करता येतं. नेस्टेड जमत नाही, रॅम नाही, अशांनी इथून सुरुवात करावी.

पहिला पॅच कुठला

तुमच्या खुणांची फाइल उघडा. न कळलेली एरर होती ना, तिच्यात नोडचं नाव किंवा पुढे काय करायचं ते घाला. मॅन पेजमध्ये जे लिहिलंय तसं घडलं नाही, ते दुरुस्त करा. एखाद्या फंक्शनला टेस्टच नाही, ती लिहा. शुद्धलेखन सुधारणारे पॅच शक्यतो एकटे पाठवू नका, चालतात, पण त्यातून तुम्ही काही शिकत नाही आणि रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ तेवढाच जातो.

त्यानंतरची पायरी म्हणून केव्हीएमचा एखादा नवीन पॅरामीटर जोडणं हे सगळ्यात चांगलं काम, क्यूएमूमध्ये काहीतरी सोय आहे पण गानेटीतून ती देता येत नाही अशी. वरवर पाहता दहा ओळी. हास्केलच्या कॉन्स्टंट्समध्ये नाव, प्रकार आणि डिफॉल्ट, केव्हीएमच्या कोडमध्ये पॅरामीटरच्या यादीत नोंद आणि क्यूएमूची कमांड लाइन बनते तिथे एक इफ, मॅन पेजमध्ये परिच्छेद, एक टेस्ट.

आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. क्लस्टर सॉफ्टवेअर अपग्रेड होतं तेव्हा व्हीएम बंद होत नाहीत, त्या जुन्या कोडने सुरू केलेल्या तशाच चालू असतात, कधी कधी वर्षभर. लाइव्ह मायग्रेशनच्या (व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या नोडवर हलवण्याच्या) वेळी पलीकडच्या नोडवर क्यूएमू अगदी त्याच डिव्हाइसांसह सुरू व्हावा लागतो, नाहीतर मेमरी घेऊन आलेल्या व्हीएमला आपलं हार्डवेअरच सापडत नाही. म्हणून गानेटी सुरू करतानाची माहिती रनटाइम फाइलमध्ये साठवून ठेवतो. तुमचा पॅरामीटर नसलेली जुनी रनटाइम फाइल नवीन कोडने वाचली तर काय होईल? तुमच्या डिफॉल्टमुळे डिव्हाइसांची मांडणी बदलते का? अ‍ॅडमिनने डाउनग्रेड केलं तर जुना कोड हा अनोळखी पॅरामीटर बघून बिथरेल का? या शेवटच्यासाठी सीएफजीअपग्रेड नावाच्या टूलमध्ये तो काढून टाकायची सोय असते.

हे तपासायची पद्धत, पॅचच्या आधीच्या कोडने इन्स्टन्स सुरू करा, ती चालू असतानाच नवीन कोड टाका, मग मायग्रेट करा. मायग्रेट झाली, परत उलटी मायग्रेट केली, तरी जिवंत आहे, की मगच पाठवा. आणि हे केलंय असं कमिट मेसेजमध्ये लिहा, रिव्ह्यू करणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असणार आहे.

पाठवताना

एका कमिटमध्ये एकच गोष्ट. नावं बदलायची असतील तर वेगळं कमिट, वागणूक बदलायची असेल तर वेगळं. मेसेजमध्ये काय केलं ते डिफमध्ये दिसतंच, का केलं ते लिहा, आधी काय व्हायचं, कसं घडवून बघायचं, आता काय होतं.

कागदपत्रांचं बघून घ्या, काही प्रोजेक्टना साइन्ड-ऑफ-बाय ओळ लागते, ती गिट कमिटला एस ऑप्शन दिला की आपोआप येते, काहींना आधी सही केलेला करार लागतो, प्रॉक्समॉक्सला लागतो. आणि कोड एआयकडून लिहून घ्यायचा विचार असेल तर त्या प्रोजेक्टचा नियम आधी वाचा, क्यूएमूने २०२५ मध्ये असा कोड घेणार नाही असं स्पष्ट लिहून ठेवलंय.

मोठा बदल डोक्यात असेल तर कोड लिहू नका, आधी डिझाइन लिहा. गानेटीच्या डॉक फोल्डरमध्ये डिझाइनने सुरू होणाऱ्या ढीगभर फाइली आहेत, त्यातल्या दोन-तीन वाचा, एखादी गोष्ट अशी विचित्र का आहे याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं.

रिव्ह्यू यायला वेळ लागतो, सांभाळणारे लोक थोडे आणि तेही नोकऱ्या करून करतात. आठवड्याभराने एकदा नम्रपणे विचारा, रोज नको. कॉमेंट आल्या तर प्रत्येकीला उत्तर द्या, पटलं नाही तर कारण देऊन सांगा, "ओके" लिहून भलतंच काहीतरी करू नका.

आणि वाट बघत असताना रिकामे बसू नका. दुसऱ्यांचे पॅच तिथे पडलेले असतात, त्यातला एखादा तुमच्या तीन नोडच्या लॅबवर चालवा, एक नोड खाडकन बंद करा, मायग्रेट करून बघा, आणि काय चाललं काय नाही ते डेबियनच्या आवृत्तीसकट लिहा. एवढी तयार लॅब बऱ्याच जणांकडे नसते, त्यामुळे हे चार ओळींचं उत्तर मेंटेनर लगेच वाचतात, तुमच्या पॅचच्या आधी.